अंदमानच्या टूरमध्ये शेवटचा दिवस आधी तपासा
टूर बुक करताना हॉटेलचे फोटो नंतर बघा, आधी शेवटचा दिवस बघा. सकाळी हॅवलॉकहून, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपहून बोट आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून विमान असं लिहिलं असेल, तर बदलून मागा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. विमान कुणासाठी थांबत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, सेल्युलर जेल तेव्हासाठी ठेवा. बोटीच्या तिकिटावरचं नाव आधारशी जुळतंय ना, तेही पाहा. आमच्या आईचं माहेरचं आडनाव पडलं होतं, जेटीवर अर्धा तास हुज्जत! आणि हो, डिसेंबरात तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे समुद्रस्नान सकाळीच उरका.