मोडलेल्या हत्याराचा पंचनामा कसा करावा

वर्कशॉपमध्ये पाना मोडला की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणाच्या हातात मोडला?" हा प्रश्नच बिनकामाचा आहे. हत्यार शेवटी कोणाच्या तरी हातातच मोडणार. विचारायचं ते असं, की ते वापरून वापरून संपलं, की कुणी नासवलं? आणि नासवलं असेल तर आज की सहा महिन्यांपूर्वी? "दंड लावा, मग बरोबर सांभाळतील" असं सांगणारे बहुतेक जण तुकडे हातात घेऊन बघतच नाहीत. दंडाने एवढंच होतं, की मोडकी हत्यारं स्टोअरला परत यायची बंद होतात.

सगळे तुकडे गोळा करा आणि काम कशावर चाललं होतं ते विचारून घ्या.

मग न मोडलेला भाग बघा. झीज जिथे काम होतं तिथे, आणि सारखी होते. कानशीचे दाते मधल्या पट्ट्यात चकाकायला लागतात, ड्रिलचे बाहेरचे कोपरे गोल होतात, छिन्नीचं डोकं घाव खाऊन फुलतं. डोकं फुललं म्हणून फिटरला बोलू नका. ते नरम ठेवलेलंच असतं. मात्र फुललेली कड वेळेवर ग्राइंडरवर उतरवली नाही तर कपचा उडून डोळ्यात जातो.

गैरवापराची खूण नको त्या जागी सापडते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचे घाव, कानशीच्या टोकाला टेकू देऊन काहीतरी उचकटल्याची खूण. पान्याला पाइप लावला होता का, हे ओळखणं सोपं आहे. दांड्यावर जिथे पाइपचं तोंड टेकलेलं असतं तिथे एक आडवा ओरखडा उठतो, आणि दांडा वाकलेला असेल तर बहुधा तिथूनच. पाऊण फुटी पाना पाइप लावून दोन फुटी केला, की तेवढ्याच जोराला पीळ अडीच पटीहून जास्त बसतो. जबडा फाकणारच.

एक्सा ब्लेडचे (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचे) ओळीने दाते उडाले असतील तर कापणाऱ्यावर जाण्याआधी ब्लेड कुठलं दिलं होतं ते तपासा. कापताना निदान दोन-तीन दाते धातूवर टेकलेले हवेत. इंचाला १८ दात्यांचं ब्लेड देऊन पातळ पाइप कापायला लावलात तर दोन दात्यांमधलं अंतर दीड मिलिमीटरच्या जवळ जातं. पाइपची कड त्या खाचेत अडकते आणि दाते साफ होतात. पातळ मालाला ३२ दात्यांचं लागतं. इथे नासवणारा स्टोअरच्या काउंटरच्या आत, हत्यार देणाऱ्याच्या जागी बसलेला आहे.

निळ्या डागाबद्दलही सरसकट निकाल दिले जातात. साध्या कार्बन पोलादाची छिन्नी किंवा पटाशी ग्राइंडरवर निळी पडली, म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं आणि धार टिकणार नाही. हा गैरवापरच, कारण शेजारी पाण्याचा डबा होता. पण हायस्पीड स्टीलचं ड्रिल ६०० अंशांच्या जवळपासपर्यंत कडकपणा धरून ठेवतं. त्यावर निळी झाक दिसली म्हणून ड्रिल जळालं असं होत नाही. फेरे जास्त होते किंवा धार गेली होती, एवढंच ती सांगते.

आता मोडलेलं तोंड, म्हणजे तुकडा जिथे तुटला तो पृष्ठभाग. हे वाचायला मला सर्वांत उशिरा जमलं, आणि घोळही इथेच होतात. तुकडे एकमेकांना जुळवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. जुळवू नका! कडा घासल्या की पुरावा गेला. पॉलिश पेपर लावू नका, तारेचा ब्रश लावू नका. तेल-मळ असेल तर मऊ ब्रशने रॉकेलमध्ये धुवा, वाळू द्या, आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाका. साधं दहापट भिंग पुरतं.

सगळं तोंड एकसारखं खडबडीत, ताजं, राखाडी चमकणारं असेल तर हत्यार एका दणक्यात मोडलं. जोर जास्त पडला. दांडा आधी वाकून मग तुटला असेल तर शंका उरत नाही. कानस किंवा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मात्र न वाकताच काचेसारखा तुटतो, त्यामुळे "वाकलं नाही म्हणजे माल खराब" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

तोंडाचे दोन भाग दिसले तर थांबा. एका कडेला गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला पट्टा, आणि उरलेला भाग ताजा, दाणेदार. हा काळपट पट्टा म्हणजे जुनी चीर. गंज आजच्या आज चढत नाही. चीर कुठल्यातरी खाचेपासून, पंच मारलेल्या आकड्यापासून किंवा हातोडीच्या जुन्या घावापासून सुरू झाली, दर वापराला थोडी पुढे सरकली, आणि उरलेलं पोलाद आज एका साध्या झटक्याला गेलं. कधी त्या पट्ट्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी रेघा दिसतात. त्या कमानी ज्या जागेभोवती पसरलेल्या असतात तिथे चिरेचं मूळ. कडक पोलादावर रेघा अनेकदा दिसतच नाहीत, म्हणून रेघा नाहीत एवढ्यावर निकाल देऊ नका. रंगातला फरक जास्त भरवशाचा. असा पट्टा निघाला तर आज ज्याच्या हातात मोडलं त्याचा संबंध संपला. मुळाशी हातोडीचा घाव असेल तर गैरवापर झाला होता हे खरं, पण तो कुणाचा हे आता कोणी सांगू शकत नाही.

नोंदवहीत "मोडला" एवढंच लिहून सोडू नका. जागा, खूण, ताजं की जुनं, हे तीन शब्द तरी हवेत.

पगारातून कापायचा विचार असेल तर कायदा बघून घ्या. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात जे होतं तेच २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. वस्तू त्या कामगाराकडे स्पष्टपणे सोपवलेली हवी, नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेलं हवं, आधी त्याला बाजू मांडू द्यायला हवी, आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. तीन शिफ्टचे लोक एकाच पेटीतून हत्यारं उचलत असतील तर पहिल्याच अटीला तुम्ही अडकता. आणि जबडा अर्धा झिजलेल्या पान्याला नव्या पान्याची किंमत लावणं हे माझ्या मते सरळसरळ लुबाडणं आहे.

निकाल होईपर्यंत तुकडे हलकं तेल लावून वेगवेगळ्या कागदात गुंडाळा, तारीख घाला, आणि भंगाराच्या ड्रमपासून लांब ठेवा.