युकुलेलेच्या लो जीसाठी शेवटी गिटारची डी तार
टेनर युकुलेलेवर (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, त्यातला जरा मोठा आकार) सुरावटी वाजवायला मला जी तारेचा सूर एक सप्तक खालचा, म्हणजे लो जी हवा होता: ३९२ ऐवजी १९६ हर्ट्झ. आधी साधी जाड नायलॉनची तार लावली. ती नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत बसेचना, वरच तरंगत राहिली. पहिल्या फ्रेटवर (मानेवरची आडवी पट्टी) दाबली की सूर चढायचा आणि आवाज अगदी भद्द. खाच रुंद करायला कानस हातात घेतली होती, पण एकदा घासलेली खाच परत भरत नाही, म्हणून थांबलो. घरात क्लासिकल गिटारच्या तारांचा संच पडून होता. त्यातली डी, नायलॉनच्या धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली, माझ्या १७ इंच तारेच्या लांबीच्या टेनरवर जीच्या सुराला लावली. खाचेत चपखल बसली, आवाज मोकळा झाला. बोट सरकवलं की किरकिरते खरी, आणि पहिले ३-४ दिवस सारखी उतरायची. आखूड तारांच्या छोट्या सोप्रानो युकुलेलेवर मात्र हीच तार ढिली पडेल.