आफ्रिकेत ट्रकने फिरताय? तंबूत संत्रं नेऊ नका, आणि या चुकाही टाळा

नैरोबीहून निघायचं आणि टांझानिया, मलावी, झांबिया करत व्हिक्टोरिया धबधब्याला पोचायचं. रजा आणि हौस दोन्ही शिल्लक असेल तर पुढे बोत्स्वाना, नामिबिया करून थेट केप टाऊन. पहिल्या टप्प्याला साधारण तीन आठवडे लागतात, सगळ्याला मिळून आठ. वाहन म्हणजे खरोखरचा ट्रक. त्याच्या सांगाड्यावर वीस-पंचवीस सीटांची केबिन बांधलेली असते आणि खाली पोटात तंबू, शेगडी, भांडीकुंडी. या प्रकाराला ओव्हरलँडिंग म्हणतात. मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा स्वतः चुका केल्या, दुसऱ्यांदा इतरांना करताना पाहिल्या. दुसरी खेप अर्थातच जास्त मजेची होती.

ही टूर नाही

आपल्याला सवय असते ती टूर मॅनेजर, एसी बस आणि "चला मंडळी, नाश्ता तयार आहे" या प्रकाराची. इथे नाश्ता तयार करणाऱ्यांत तुमचंही नाव असतं. ट्रकमध्ये कामाचा तक्ता लावलेला असतो: आज भाजी चिरणं, उद्या भांडी, परवा ट्रक झाडणं. तंबू रोज आपणच उभारायचा, पहाटे आपणच उतरवायचा. काही दिवस नुसते रस्त्यात जातात, आठ-दहा तास. पहाटे पाचला निघायचं म्हणजे तंबू साडेचारला गुंडाळलेला हवा.

पहिल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी ताट हातात धरून इकडेतिकडे बघत होतो. स्वयंपाक्याने नुसतं बोट दाखवलं. तीन टब मांडलेले होते. पहिल्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात जंतुनाशक घातलेलं. तिन्हींतून ताट काढायचं आणि मग हवेत फडफडवून वाळवायचं. पुसायला फडकं द्यायचं नाही, कारण एक ओलं फडकं अख्ख्या ट्रकला जुलाब लावतं. दहा माणसं अंधारात दोन्ही हातांत ताटं घेऊन पंखासारखी हलवताहेत, हे दृश्य एखाद्या बिघडलेल्या लेझीमसारखं दिसतं. याला फ्लॅपिंग म्हणतात. कंटाळून ताट शर्टाला पुसणारा एक जण प्रत्येक गटात असतो, आणि चौथ्या दिवशी पोट धरून बसणाराही बहुतेक तोच.

पोट बिघडलंच तर लाजून गप्प बसू नका. गटप्रमुखाला लगेच सांगा, स्वयंपाकाच्या पाळीतून नाव काढून घ्या आणि ओआरएस सुरू करा. लपवल्यामुळे तुमचं काही वाचत नाही, बाकीच्यांचं मात्र बिघडतं. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करताना सांगाच आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला पुन्हा सांगा. कागदावरचं शेतापर्यंत पोचत नाही, तसंच हे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा सगळीकडे भेटतो. केनिया-टांझानियात त्याला उगाली म्हणतात, मलावी-झांबियात न्शिमा, झिंबाब्वेत साद्झा. पालेभाजीबरोबर झकास लागतो. स्वाहिलीत चहाला 'चाय', चपातीला 'चपाती' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात, त्यामुळे निदान उपाशी राहायची भीती नाही. गोडा मसाल्याची एक डबी मात्र बरोबर घ्या. आमच्या पाळीला बटाट्याची भाजी झाली तेव्हा पातेलं चाटून पुसून साफ झालं होतं, त्या दिवशी तीन टबांचं काम निम्मं वाचलं.

आणि चौघे मराठी मित्र एकत्र गेलात तर सगळा वेळ आपसात मराठीत कुजबुजू नका. तीन आठवडे त्याच पंचवीस माणसांत काढायचे असतात. खिडकीची जागाही फिरती ठेवा. यावरून झालेली भांडणं मी सिंहावरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

कागदपत्रं: इथली चूक सगळ्यात महाग

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हा पहिला मुद्दा. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, कारण पिवळं प्रमाणपत्र तिथेच मिळतं. टोचल्यापासून दहा दिवसांनी ते वैध होतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे पूर्वी घेतली असेल तर जुनं प्रमाणपत्र शोधून काढा. केनियातून टांझानियात शिरताना ते मागतात. पण खरी गोम परतताना आहे. केनियासारख्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, ती जिवंत विषाणूची असते.

व्हिसाबाबत एक गैरसमज नेहमी दिसतो. पूर्व आफ्रिकेचा जो एकत्र पर्यटक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रुवांडाचा. टांझानिया त्यात नाही. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच घेऊन निघायचा असतो, आणि आठ आठवड्यांची सफर असेल तर त्यावरची शेवटची तारीख केप टाऊनला पोचायच्या दिवसाच्या पुढची आहे ना, हे बोट ठेवून वाचा. व्हिक्टोरिया धबधबा झांबिया आणि झिंबाब्वे दोन्हीकडून पाहून पहिल्या बाजूला परत यायचं तर एकदा बाहेर पडून परत शिरता येईल असा व्हिसा लागतो. शिक्क्यांनी पानं भराभर संपतात. नवा पासपोर्ट काढणारच असाल तर ६० पानी काढा.

डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या, न दुमडलेल्या घ्या. जुन्या मालिकेची किंवा कोपरा फाटलेली नोट सीमेवर शांतपणे परत येते. सीमाचौकी, पूल आणि पोलीस यांचे फोटो काढू नका. माणसांचे काढायचे तर आधी विचारा.

आता आपली लाडकी सवय. मोजे एका कॅरीबॅगेत, साबण दुसरीत, चपला तिसरीत. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि टांझानियात १ जून २०१९ पासून. पर्यटकही त्यातून सुटत नाहीत. कापडी पिशव्या शिवून घ्या, आईकडे जुन्या साड्या असतीलच.

सामान आणि कपडे

चाकांची कडक सूटकेस ट्रकच्या लॉकरमध्ये मावत नाही, वाळूत तिची चाकंही चालत नाहीत. मऊ डफल बॅग घ्या. गडद निळे आणि काळे कपडे घरी ठेवा. त्सेत्से माशीला हेच रंग ओढतात, इतके की तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. तिचा चावा जीन्सच्या आरपार लागतो. लष्करी छापाचे कपडे झांबिया, झिंबाब्वेत सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, हौसेने घेतलेली ती टोपीसुद्धा.

आफ्रिका म्हणजे ऊनच, ही समजूत टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर एका रात्रीत उतरते. तिथला मुक्काम सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. जून-जुलैत दात वाजतात. मी माकडटोपी काढली तेव्हा गटात हशा पिकला. मध्यरात्रीनंतर दोघांनी ती उसनी मागितली.

चार्जिंगचं थोडक्यात: केनियापासून झांबियापर्यंत चपट्या तीन पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो. दक्षिण आफ्रिकेत आपल्या गीझरच्या १५ अँपियरच्या प्लगसारख्या जाड गोल पिना असतात. ट्रकमध्ये सॉकेट कमी आणि फोन फार, म्हणून पॉवर बँक घ्याच.

तंबू कुठे, कसा आणि आत काय

टांझानियाच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातल्या सेरोनेरासारख्या सार्वजनिक तळांना कुंपण नसतं. झांबियात लुआंग्वा नदीकाठच्या तळांवर रात्री पाणघोडे चरायला येतात. तरीही तंबूत झोपलेल्याला सहसा काही होत नाही, कारण बंद तंबू प्राण्यांच्या लेखी एक मोठा धोंडा असतो. गडबड होते ती आपण नियम मोडल्यावर.

जागा निवडताना आधी वर बघा. सॉसेज ट्री नावाचं झाड नद्यांच्या काठी हमखास असतं. आपल्याकडेही ते बागांत आणि रस्त्याकडेला लावलेलं दिसतं, लांब दोरीला दुधी टांगल्यासारखी फळं येतात. एकेक फळ पाच किलोच्या पुढे जाऊ शकतं. सावली गार असते, पण तिच्याखाली तंबू ठोकायचा नाही. मग खाली बघा. गवतात पाण्याकडे उतरणारी, बैलगाडीच्या चाकोरीसारखी दोन समांतर घासलेली वाट दिसली तर ती पाणघोड्याची आहे. तो रोज त्याच वाटेने जातो, आणि तुम्ही तिथे तंबू ठोकलाय हे त्याला कोणी कळवलेलं नसतं. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीही उभं राहू नका.

आता संत्रं. हत्तीला लिंबूवर्गीय फळांचा वास फार लांबून येतो आणि ती त्याला फार आवडतात. खाण्याची कुठलीच वस्तू तंबूत ठेवायची नाही. बिस्किटं, चिवडा, खोकल्याची गोड गोळीसुद्धा नाही. सगळं ट्रकमध्ये कुलपात. दिवसा हा नियम माकडांसाठी असतो. आमच्यातल्या एकीने बॅगेच्या तळाशी भाकरवडीचं पाकीट दडवलं होतं. दुपारी येऊन बघतो तर तंबूची जाळी फाटलेली आणि झाडावर व्हर्व्हेट माकड मसाला थुंकत भाकरवडी सोलतंय. हत्ती नव्हता, हे नशीब.

रात्री लघवीला जायचं तर एकदम चेन उघडून बाहेर पडू नका. वीतभर उघडा, टॉर्च फिरवून चहूकडे बघा. डोळे चमकले, तर ते केवढ्या उंचीवर आहेत ते बघा. हरणं आणि झेब्रेही असू शकतात, पण खात्री होत नसेल तर चेन लावून आत थांबायचं. हत्ती तंबूजवळ आला तर टॉर्च, फोटो, ओरडणं काही नाही. त्याच्या पोटातली गुडगुड ऐकत पडून राहायचं. निम्मी रात्र असं पडून राहणं कठीण जातं, म्हणून संध्याकाळी सातनंतर चहा कमी.

तंबूच्या बारीकसारीक दुखण्यांवर उपाय असतात. चेन अडकली की आपण ती ओढतो, आणि तिथेच ती मोडते. दातांत वाळू असते. कोरड्या टूथब्रशने ती झाडा आणि मेणबत्ती घासा. काठी चिरली तर तिला तंबूची खुंटी लावून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, फ्रॅक्चरला फळी बांधतात तशी. दंवाने भिजलेला तंबू पहाटे तसाच गुंडाळावा लागतो. मग दुपारी जेवायला थांबाल तेव्हा दहा मिनिटं झुडपावर पसरा, नाहीतर दोन दिवसांत आत कुबट वास धरतो. बूट आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला.

प्राणी बघताना

महिना चुकला की सगळंच चुकतं. केनिया-टांझानियातली मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (मोठ्या हरणांचे कळप) साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. त्यांची पिल्लं बघायची तर जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिणेला नडुटूच्या गवताळ पट्ट्यात जावं लागतं. व्हिक्टोरिया धबधब्याचं पाणी एप्रिलच्या सुमारास इतकं असतं की तुषारांत समोरचं काही दिसत नाही, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाची बाजू जवळपास कोरडा कडा असते.

उघड्या गाडीत सिंहासमोर उभं राहू नका. त्याला सवय असते ती गाडीच्या एकसंध आकाराची. तुम्ही उभे राहिलात की त्या आकारातून माणूस वेगळा निघतो. आणि पाच मोठ्या प्राण्यांची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी खिशात घेऊन फिरू नका. आमच्यातल्या एकाने गेंडा दिसेना म्हणून अख्खी सकाळ तोंड पाडलं. त्याच सकाळी गाडीच्या चाकाशी शेणकिडा आपल्या डोक्यापेक्षा मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत चढण चढत होता. चार वेळा गोळा निसटला, चार वेळा तो खाली उतरून पुन्हा त्याला लागला. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी असावी. नवराबायकोत एक दुर्बीण म्हणजे बिबट्या एकालाच दिसणार.

मलावी सरोवराचं पाणी काचेसारखं दिसतं, पण त्यातल्या गोगलगाईंमुळे बिलहार्झिया हा परजीवी कृमींचा आजार होतो. पोहलात तर परतल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या.

घरी आल्यावर

शेवटची चूक घरी होते. सफर संपली म्हणून मलेरियाच्या गोळ्याही बंद. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर मलेरियाच्या भागातून बाहेर पडल्यावर आणखी सात दिवस घ्यायची असते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. कुठली घ्यायची हे डॉक्टर ठरवतील, पण कोर्स पूर्ण करणं तुमच्याकडे. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून दोन दिवस वाट बघू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि दवाखान्यात शिरल्याशिरल्या पहिलं वाक्य हे म्हणा: "मी आफ्रिकेत जाऊन आलोय."