वाचनालयाचं अनुदान: सीमाभागात अर्ज इथे अडकतो

सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं वाचनालय अनुदानाच्या 'ब' वर्गात गेलं की आमच्याकडे बेळगावात कुणीतरी विचारतंच, "आपण निदान 'ड' साठी तरी अर्ज करूया की!" पहिली चूक हीच. अ-ब-क-ड वर्ग हे महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याचे. बेळगाव 1956 लाच म्हैसूर राज्यात गेलं. इथे 1965 चा कर्नाटकाचा कायदा चालतो. आपली भाषा, आपली पुस्तकं सगळी मराठी असली तरी मान्यता पत्ता बघून मिळते.

दुसरा गैरसमज सेसचा, म्हणजे ग्रंथालयांसाठीच्या उपकराचा. घरपट्टीच्या रुपयामागे 6 पैसे ग्रंथालय सेस आपण भरतो, म्हणजे आपल्या संस्थेचा त्यावर हक्क, असं वाटतं. तो पैसा शहर किंवा जिल्हा ग्रंथालय प्राधिकरणाकडे जातो आणि मुख्यतः त्यांच्याच ग्रंथालयांवर खर्च होतो. खेड्यात आणखी एक घोळ: ग्रामपंचायतीची ग्रंथालयं 2019 मध्ये पंचायत राज खात्याकडे गेली. त्यांचं काम घेऊन ग्रंथालय खात्यात गेलात तर हेलपाटाच.

मग खासगी संस्थेला वाट कुठली? कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. ते केंद्राचं, म्हणून राज्याची हद्द आड येत नाही, असं आम्हालाही वाटलं होतं. पण अर्ज राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फतच वर जातो, म्हणजे आपल्यासाठी बंगळूरहून. मुंबईच्या शिफारशीचा इथे उपयोग नाही. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयांसाठी प्रतिष्ठानची वेगळी योजना आहे. जुन्या संस्थांनी ती आधी बघावी.

आमचा अर्ज मात्र नावावर अडला. नोंदणी प्रमाणपत्रावर 'बेळगाव', बँकेत 'बेळगावी' (2014 चं नामांतर), शिक्क्यावर 'वाचनालय', ठरावात 'ग्रंथालय'. चार कागद, चार संस्था! आधी कार्यकारिणीचा ठराव करून सगळीकडे एकच नाव करा. कन्नड आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा त्यात लिहून टाका.

सोसायटी निबंधकाकडे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षित ताळेबंद द्यायचा असतो. दहा वर्षांची थकबाकी एका आठवड्यात निघत नाही, आमच्या खजिनदारांना विचारा. आधी मिळालेल्या पैशाचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) राहिलं असेल तर तेही त्याच वेळी उरका. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता मागायला जाऊ नका.