विधवा प्रथा बंदीचा ठराव आणताय? आधी ओट्यावर जाऊन बसा

मी पाच वर्षं गावची सरपंच होते. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव. मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा, म्हणजे नवरा गेला की बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. मला वाटलं, ग्रामसभेत विषय घेऊ, हात वर होतील, झालं.

पारावर शंभरेक माणसं होती. मी ठराव वाचला. एक जण उठून म्हणाला, "जबरदस्ती कोण करतंय? ज्या बाईला नको, तिनं नको काढू दे मंगळसूत्र." मी बायकांकडे बघितलं. एकीचीही मान वर नव्हती. विषय पुढच्या सभेवर गेला.

जबरदस्ती कशी असते ते मी घरात बघितलं होतं. दीर गेले तेव्हा जावेच्या बांगड्या दगडावर फोडल्या. हिरव्या काचेचा तुकडा तिच्या मनगटात रुतला, रक्त आलं. कुणी थांबलं नाही, कारण प्रेत उचलायची घाई होती. मीही तिथंच उभी होते, गप्प.

म्हणून तुम्ही हा ठराव आणणार असाल तर सुरुवात नोटिशीपासून करू नका. गावातल्या विधवा बायकांच्या घरी जा. दुपारी जा, स्वयंपाक उरकलेला असतो. एकटीनं जा, सदस्यांची फौज नेऊ नका. ठरावाचा कागद पिशवीतच राहू द्या आणि एवढंच विचारा, "तुम्हाला काय होतं?" आम्ही कुंकवाचं बोलत होतो, एका मावशींनी वेगळंच सांगितलं. "नातीच्या लग्नात मला मागं बसवलं. मला कुंकू नको, बाई. अक्षता टाकायला पुढं बोलवा." हे माझ्या कागदात नव्हतंच.

त्यावरून मसुदा बदलला. "विधवा महिलांनी कुंकू लावावे, मंगळसूत्र घालावे" असं कधीही लिहू नका, ती उलट बाजूची सक्ती होते. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं यासाठी कुणीही सक्ती करू नये, आणि लग्नकार्यात, हळदी-कुंकवात, झेंडावंदनाला विधवा म्हणून कुणाला मागं ठेवू नये, असं लिहा. काय ठेवायचं, काय काढायचं, ते ती ठरवेल.

सगळ्यात जास्त वेळ विरोधकांना द्या. आमच्याकडे खरा विरोध पुरुषांचा नव्हता, एका सत्तरीच्या आजींचा होता. त्या बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. मी तीनदा गेले, तीनदा त्यांनी चहा दिला आणि "नाही" म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, "हे सगळं उगाच होतं म्हणता, मग मी पन्नास वर्षं काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास-दीड तास नुसती बसून राहिले. अशा बाईला सभेत मागासलेली म्हणाल तर ती हरेल आणि गाव तिच्या बाजूनं उभं राहील. तिचा भोग खोटा नव्हता, हे आधी मान्य करा.

मग महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, पण बऱ्याच ठिकाणी नुसत्या सह्या फिरवतात. आम्ही अंगणवाडीत घेतली, सतरंजीवर गोल बसलो म्हणजे दाराजवळची जागा कुणाच्या वाट्याला येत नाही. ठराव सुचवणारी विधवाच असावी; आमच्याकडे माझी जाऊ उठली. ग्रामसेवकाला सांगून तिचं नाव सूचक म्हणून इतिवृत्तात त्याच वेळी लिहून घ्या, नंतर नको.

ग्रामसभेचं तंत्र सोपं आहे. विषय नोटिशीत स्पष्ट छापा, "आयत्या वेळचे विषय" यात ढकलू नका. दवंडी वाड्यावस्त्यांवरही द्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, शंभर मतदार किंवा पंधरा टक्के मतदार, यातली कमी असेल ती. त्यात बायकाच सत्तर-ऐंशी झाल्या की अर्धं काम झालं.

आमचा ठराव मंजूर झाला, पण तो मोडला म्हणून कुणाला आत टाकता येत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, त्या अमलात आणायला शिपाई लागेल. गावात बारा दिवस दारात शिपाई कोण उभा करणार? म्हणून चार बायकांची नावं आधीच ठरवून ठेवा. मयत झाल्याचं कळलं की त्यातल्या दोघींनी लगेच जायचं आणि त्या बाईच्या डाव्या-उजव्या बाजूला बसायचं. भाषण नाही, भांडण नाही. कुणी बांगड्यांना हात लावायला आलं तर त्या विधवा बाईचे हात आपल्या हातात घ्यायचे आणि म्हणायचं, "राहू दे, तिला विचारू नंतर."

तेराव्यानंतर परत जा. मृत्यूचा दाखला काढून द्या, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लागलंय का बघा, पात्र असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरा. तहसीलला तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. आमच्या जावेचं नाव उताऱ्यावर लागायला मला सात खेपा झाल्या.