पोलीस खात्यात मन रमत नसेल तर: राजीनाम्याआधी करून पाहायची कामे

पोलीस खात्यात आठ-दहा वर्षे काढलेला माणूस ‘आता नको झाले आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय नको झाले आहे, हे बहुधा त्यालाही सांगता येत नाही. कोणाचे शरीर थकलेले असते, कोणाची नेमणूक त्याच्या स्वभावाला मानवत नसते, तर कोणाला हा पेशाच आपला वाटेनासा झालेला असतो. या तीन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात: चिडचिड, टाळाटाळ, सुट्टी संपताना पोटात येणारा गोळा. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. झोप न मिळाल्याने वैतागलेला माणूस बदलीसाठी खेटे घालतो, बदली मिळाल्यावरही तसाच राहतो आणि शेवटी ‘हे खातेच वाईट’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. म्हणून पुढचे सारे काम याच क्रमाने करावे: आधी शरीर, मग नेमणूक आणि सर्वांत शेवटी पेशा.

शरीराचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो वगळून पुढे जाता येत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते आणि पाळीची नोकरी नेमकी तीच हिरावून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तोच निर्णय कायम केला. तेव्हा ‘सवय होते’ हे ठाण्यातले नेहमीचे उत्तर फारसे विश्वासार्ह मानू नये. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने लागल्या तर शरीर त्या तुलनेने सहज स्वीकारते, उलट क्रमाने लागल्या तर जड जाते. ड्यूटी लावणाऱ्याकडे एवढी एकच विनंती मान्य करून घेता आली तरी फरक पडतो. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर खोलीत पूर्ण अंधार करून झोपावे आणि त्या दिवशी नोकरीविषयी कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. मी पाहिलेले रागाच्या भरातले बहुतेक राजीनामे सलग रात्रपाळ्यांनंतरच्या सकाळी लिहिलेले होते.

याच टप्प्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असतील, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवावे, सरकारी शस्त्र त्याच दिवशी जमा करावे आणि डॉक्टरांकडे जावे. ज्यांच्या हाताशी कायम शस्त्र असते, त्यांच्या बाबतीत ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ असे म्हणून चालत नाही.

थकवा साधा आहे की खोलवर गेलेला, हे ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणातील वर्णन उपयोगी पडते. कामातून येणाऱ्या या अवस्थेला (इंग्रजीत ‘बर्नआउट’) संघटना आजार म्हणत नाही, मात्र तिची तीन लक्षणे सांगते: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी तुच्छता वाटणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. पोलिसांच्या बाबतीत यांतले दुसरे लक्षण सर्वांत फसवे असते, कारण खात्यात ते अनुभव म्हणून मिरवते. ‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणणाऱ्याला आजूबाजूचे लोक मुरलेला पोलीस समजतात. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात दीर्घकाळ नोकरी करून पुढे समाजशास्त्रज्ञ झालेल्या आर्थर नीडरहॉफर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही तुच्छतेची वृत्ती नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत वाढत जाते, असे मांडले होते. आपल्यात ती किती आली आहे, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाचे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच आपण मनात त्याचा निकाल लावतो का, हे आठवडाभर पाहावे.

दोन आठवड्यांची सलग रजा मिळाली तर ती चाचणी म्हणून वापरावी. पहिले चार-पाच दिवस झोपण्यातच जातात, त्यांवरून काही ठरवू नये. त्यानंतर अर्धवट राहिलेल्या एखाद्या तपासाचे पुढे काय झाले असेल, असा विचार आपोआप मनात आला, तर पेशा अजून आपला आहे आणि अडचण नेमणुकीची किंवा थकव्याची आहे, असे समजायला हरकत नाही.

आता नेमणुकीकडे वळू. येथे मी प्रत्येकाला एकच काम सांगतो: चार आठवडे एक वही ठेवावी. वहीत शाखेचे नाव, साहेबांचा स्वभाव किंवा स्वतःच्या भावना लिहायच्या नाहीत. फक्त काय केले, किती वेळ केले आणि ते संपल्यावर मनात काय उरले, एवढेच लिहायचे. उरल्याची खूण तीनच प्रकारांनी करावी: अधिक, उणे किंवा शून्य. माझ्या हाताखाली काम केलेल्या एका हवालदाराच्या वहीतील एका रात्रीचे पान असे होते: ‘नाकाबंदी, दीड तास, शून्य. दोन शेजाऱ्यांचे भांडण, चाळीस मिनिटे, उणे. मुलगा घरी आला नाही म्हणून आलेल्या आईचा जबाब, एक तास, अधिक. मुद्देमालाची नोंद, पन्नास मिनिटे, अधिक. साहेबांच्या खोलीबाहेर थांबणे, एक तास दहा मिनिटे, उणे.’

हा हवालदार माझ्याकडे गुन्हे शाखेत जायचे म्हणून आला होता. महिन्याची वही आम्ही समोरासमोर बसून वाचली, तेव्हा त्याच्या अधिकच्या खुणा दोनच जागी सापडल्या: हादरलेल्या माणसाशी शांतपणे बोलून त्याच्याकडून घटनाक्रम काढून घेणे आणि कागदपत्रे चोख लावणे. पाळत ठेवणे, छापा, पाठलाग यांपुढे एकही अधिक नव्हते. गुन्हे शाखेचे जे चित्र त्याने मनाशी रंगवले होते, त्यात नेमकी हीच तीन कामे होती. पुढे तो महिला व बालकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या कक्षात गेला. तेथेही साहेबांच्या खोलीबाहेर थांबावे लागतेच, पण बाकीचे तास त्याच्या हिशेबात बसले.

वहीत उणे आणि शून्य यांचाच भरणा झाला, तरी लगेच बदलीचा अर्ज करू नये. आहे त्या नेमणुकीत कामाचा आकार थोडा बदलता येतो का, हे आधी पाहावे. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये याविषयी मांडणी केली: माणसे आपल्या कामाच्या सीमा, त्यातील नाती आणि त्याकडे पाहण्याची नजर वरिष्ठांनी सांगण्याची वाट न पाहता स्वतःच थोडीथोडी बदलत असतात. शिस्तीच्या खात्यात हे कसे जमणार, असा प्रश्न पडेल. गस्तीचे उदाहरण घेऊ, कारण निरर्थक वाटणाऱ्या कामांत गस्तीचा क्रमांक वरचा असतो.

ते निरर्थक वाटणे अगदीच चुकीचे नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये १५ गस्तक्षेत्रांवर एक प्रयोग झाला. काही क्षेत्रांतील नेहमीची फिरती गस्त बंद केली, काहींत तशीच ठेवली आणि काहींत दुप्पट-तिप्पट वाढवली. तरीही गुन्ह्यांच्या प्रमाणात किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र मिनिॲपोलिसमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगात जिथे पुन्हा पुन्हा प्रकार घडतात अशा मोजक्या जागा निवडून तेथे पोलीस वाढवल्यावर परिणाम दिसला, आणि त्याच माहितीवरून संशोधक ख्रिस्तोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवले की अशा जागी सुमारे १० ते १५ मिनिटे थांबणे सर्वांत उपयोगी ठरते. म्हणजे गाडी फिरवत राहण्यात अर्थ नाही हे आपल्याला जाणवत होते ते खरेच होते, पण थांबण्यात अर्थ आहे. रात्रीच्या फेरीत अशा चार जागा ठरवून घेणे, तेथे उतरून दहा-पंधरा मिनिटे चालणे आणि काय दिसले ते टिपणे, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एक पाऊल पुढे जाता आले तर समाधानाचा मोठा वाटा येथेच हाती लागतो. पोलीस कामाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडले की पोलिसांनी सुट्या तक्रारींमागे धावण्याऐवजी त्या तक्रारींच्या मुळाशी असलेली समस्या हाती घ्यावी. एकाच वाहनतळावरून महिन्यात पाच दुचाकी चोरीला गेल्या, तर पाच तपास होतात आणि पाचही बहुधा कागदावरच राहतात. तेथील दिवा बंद आहे, पहारेकऱ्याची जेवणाची वेळ आणि चोरीची वेळ एकच आहे, बाहेर पडायला दोन वाटा आहेत, हे कोणी जाऊन पाहिले, संबंधितांना दिवा लावायला भाग पाडले आणि पुढच्या महिन्याचा आकडा ताडून पाहिला, तर त्या पोलिसाला आपल्या हातून काय घडले हे दाखवता येते. ‘माझ्या हातून काही होत नाही’ या तिसऱ्या लक्षणावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही. अर्थात, श्रेय वर जाईल. ते जाऊ द्यावे आणि आकडा आपल्या वहीत ठेवावा.

एवढे करूनही दुसरी शाखा हवी असेल, तर तिच्या नावावर जाऊ नये. तेथे काम करणाऱ्या माणसाला ‘काल दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत होता?’ असे विचारावे. सायबर शाखेतील माणूस कंपन्यांशी पत्रव्यवहार करत असतो किंवा लांबलचक नोंदी चाळत असतो, गुप्तवार्तेतील माणूस अहवाल लिहीत असतो, प्रशिक्षणातील माणूस तोच धडा नवव्यांदा शिकवत असतो. एडमंड लोकार यांनी १९१० मध्ये फ्रान्समधील लिऑं येथे दोन खोल्यांत पोलीस प्रयोगशाळा सुरू केली तेव्हापासून न्यायवैद्यक क्षेत्राचे आकर्षण वाढतच गेले आहे. पण प्रयोगशाळेतील कामाला विज्ञानाची पदवी लागते, आणि घटनास्थळावरून नमुने गोळा करणारा व ते तपासणारा माणूस सहसा वेगवेगळे असतात. मानसिक संकटातील माणसांना हाताळण्याकडे कल असेल, तर त्यासाठी वेगळे प्रशिक्षण असते. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९८८ मध्ये सुरू झालेली ४० तासांच्या प्रशिक्षणाची पद्धत पुढे अनेक दलांनी उचलली. शक्य असेल तर बदली मागण्याआधी त्या शाखेसोबत दोन पाळ्या काढाव्यात.

काही वेळा मात्र शरीर ठीक असते, नेमणूकही बरी असते, आणि तरीही मन उठते. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला सांगितले जाते, निरपराध माणसाला अडकवताना मान खाली घालावी लागते, तक्रारदार कोण आहे यावर फिर्याद घ्यायची की नाही ते ठरते. याला थकवा म्हणू नये. अशा वेळी मनाची समजूत घालण्याचे प्रकार करू नयेत. आदेश लेखी मागावा, स्वतःच्या टिपणात तारीख-वेळेसह नोंद ठेवावी, विश्वासातील वकिलाचा सल्ला घ्यावा आणि दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली परिस्थिती वेगळी आहे का, ते पाहावे. सगळीकडे तीच असेल, तर बाहेर पडण्याचा विचार गंभीरपणे करणे हा पळपुटेपणा नव्हे.

बाहेर पडताना पहिली चूक होते ती सुरक्षारक्षक संस्थेकडे धाव घेण्याची, कारण तेथे लगेच घेतात. पण तेथे पुन्हा रात्रपाळीच असते, आणि अधिकार मात्र नसतात. वही उघडून अधिकच्या खुणांचे काम बाहेर कोठे होते, ते शोधावे. चौकशीत रस असेल तर विमादाव्यांची किंवा बँकांतील फसवणुकीची तपासणी, माणसांत रस असेल तर पीडितांना साहाय्य किंवा बालसंरक्षण, गोंधळात डोके शांत राहत असेल तर आपत्ती व्यवस्थापन. स्वतःची माहिती लिहिताना खात्याची भाषा टाळावी. ‘बंदोबस्त केला’ यातून बाहेरच्याला काही कळत नाही. ‘दहा हजारांच्या गर्दीसाठी साठ माणसांची नेमणूक, वाहतूक आणि आपत्कालीन वाट यांचे नियोजन केले’ यातून कळते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आणि निवृत्तिवेतनाचे नियम कार्यालयातून लेखी समजून घेईपर्यंत राजीनामा देऊ नये.

खात्यात शिरू पाहणाऱ्यांनीही यातून घ्यायचे ते घ्यावे, विशेषतः ‘काल दुपारी तीन वाजता’ हा प्रश्न. तो तीन वेगवेगळ्या पोलिसांना विचारावा, आणि त्यांतला एक तरी या नोकरीला कंटाळलेला असावा.

बदली झाली, काम बदलले किंवा नवी नोकरी लागली, तर तीन महिन्यांनी पुन्हा चार आठवडे तीच वही ठेवावी आणि जुन्या पानांशेजारी नवी पाने ठेवून अधिकच्या खुणा मोजाव्यात.