पोराला दळणासारखं टाकून जाऊ नका: समुपदेशन आणि चाचण्यांच्या वेळी होणाऱ्या चुका

“मॅडम, याला जरा समजावून सांगा. मी तोवर फुले मार्केटात जाऊन येतो.”

जळगावात समुपदेशन आणि मानसिक चाचण्यांचं काम सुरू केल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. चौदा वर्षांचं पोरगं खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेलं, बाप अर्धा जिना उतरून गेलेला. गिरणीत डबा ठेवावा आणि तासाभरानं पीठ न्यायला यावं, तसं. पोराला त्यातून एकच गोष्ट कळते: बिघाड माझ्यात आहे असं घरात ठरलंय. मग तो पहिली वीस मिनिटं टेबलाच्या सनमायक्याकडे बघत राहतो.

इथे जे सांगतेय ते खरंच घडलेलं आहे, पण गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘समजावणं’ हे आमचं काम आहे, ही समजूत सगळ्यात आधी डोक्यातून काढायला हवी. समजावून तर तुम्ही वर्षभर पाहिलंय, मामांनी पाहिलंय, क्लासच्या सरांनीही पाहिलंय. पोराला मोबाईल वाईट आहे हे माहीत नाही असं नसतं. पहिल्या भेटीतला निम्मा वेळ मला आईवडलांशी बोलायला लागतो. बाळंतपणात काही अडचण होती का, बोलायला कधी लागला, फिट्स आल्या होत्या का, शाळा कितीदा बदलली, घरात कोण गेलं, कर्ज किती, कोण पितं. “घरात काही नाही मॅडम, सगळं व्यवस्थित” असं सांगणारे एक अण्णा तिसऱ्या भेटीला सहज बोलून गेले की पोरगा लहानपणापासून आजोबांजवळ झोपायचा आणि आजोबा पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले. पोराचं शाळेत न जाणं त्यानंतर पंधरा दिवसांत सुरू झालं होतं. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

याच चुकीचा धाकटा भाऊ म्हणजे खोटं सांगून आणणं. “जळगावला कपडे घ्यायला जाऊ” म्हणून आणलेलं मूल पाटी वाचतं आणि तिथेच बंद पडतं. सरळ सांगा: “तुला रात्री झोप लागत नाही, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं. त्याबद्दल एका ताईंशी बोलायला जातोय. मीही बोलणार आहे.” शेवटचं वाक्य गाळू नका. आणि परतीच्या एसटीत “काय काय सांगितलंस तिला?” ही उलटतपासणी नको. पोरानं सांगितलेलं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगत नाही. अपवाद असतात: जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. दुसऱ्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, आणि हे मी पोरालाही आधीच सांगून ठेवते.

कोणाकडे जायचं, यातही गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला डॉक्टर. गोळ्या लिहिणं त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो मागायला लाजू नका. किराणा दुकानात एक्सपायरी बघतो ना आपण? समुपदेशक बोलण्यातून मदत करतो, औषध देऊ शकत नाही. आणि कोच? ध्येय ठरवणं, वेळापत्रक बसवणं, नोकरीत पुढची पायरी गाठणं यासाठी चांगला कोच उपयोगी पडतो. पण दोन महिने अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाला कोचकडे नेऊन “पॉझिटिव्ह राहा” ऐकवणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळायचं प्रशिक्षण देणं. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठली नोंदणी लागत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे स्टॉल शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचलेत. ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. रंगीत, बाइंडिंग केलेला अहवाल मिळतो, वाचायला गोड असतो, आणि तो पैशांसकट विसरून जावा.

आता चाचण्यांविषयी. इथे जरा थांबून सांगते, कारण इथल्या चुका कागदावर उतरतात आणि मग वर्षानुवर्षं पोराच्या मागे फिरतात.

साक्री तालुक्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा. शाळेनं ‘मतिमंद वाटतो, आयक्यू करून आणा’ असं चिठ्ठीवर लिहून दिलेलं. आईवडील पहाटेच्या गाडीनं निघाले, धुळ्याला गाडी बदलली, माझ्याकडे पोचेपर्यंत साडेदहा. मी साहित्य मांडलं. मुलगा ठोकळ्यांकडे बघेना, प्रश्नाला मान हलवेना. प्रमाण मराठीत विचारलं तर नुसता ओठ चावत होता. कागदावर सगळी शून्यं पडत चालली होती. मग मी पेन ठेवलं आणि विचारलं, “काय व्हयनं रे भाऊ?” तो एकदम बोलला, “माले भूक लागनी.” सकाळपासून चहा-बिस्किटावर होता. खाली नेऊन पोहे खाऊ घातले, अर्धा तास जाऊ दिला, पुढच्या सूचना अहिराणीत दिल्या. तो फार हुशार निघाला असं सांगणार नाही, गोष्टी अशा संपत नाहीत. पण शाळेच्या चिठ्ठीतला शब्द त्याला लागू नव्हता. वाचनात अडचण होती, ती वेगळी. आणि डावा कान अधू होता, हे पुढे कानाच्या तपासणीत निघालं.

म्हणजे एकाच मुलात चार चुका सापडल्या. भूक आणि जागरण ही पहिली: लांबून येणार असाल तर दुपारची वेळ मागा किंवा आदल्या रात्री नातेवाइकाकडे मुक्काम करा, ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. दुसरी, डोळे आणि कान न तपासता थेट बुद्धीची चाचणी. मूल उशिरा बोलायला लागलं असेल तर ऐकण्याची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. चष्मा लागला असेल तर तो घेऊन या. घरी विसरलेल्या चष्म्यामुळे परत पाठवलेली मुलं माझ्या नोंदवहीत बरीच आहेत. तिसरी भाषेची. घरी अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा मावची बोलणारं मूल शब्दांवर आधारलेल्या चाचणीत मागे पडतं, बुद्धीत नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांसाठी मी चित्रांचे आकृतिबंध ओळखायची रेव्हनची रंगीत चाचणी किंवा सेग्विनचा लाकडी फॉर्म बोर्ड आधी काढते, त्यांत बोलावं लागत नाही. घरात कुठली बोली आहे, हे तुम्ही होऊन सांगा. “मराठीच बोलतो मॅडम” असं लाजून सांगितलं की नुकसान पोराचं होतं. चौथी चूक शाळेची, आधीच नाव ठरवून पाठवण्याची.

आपल्याकडे जास्त वापरल्या जाणाऱ्या चाचण्या जुन्या आहेत. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिनेची बुद्धिचाचणी बसवली ती १९३० च्या दशकात. नागपूरला मालिन यांनी मुलांची बुद्धिमापन श्रेणी केली ती १९६९ मध्ये. दोन्ही आजही सर्रास चालतात. म्हणून एकट्या आकड्यावर उड्या मारू नका. आयक्यूची सरासरी १०० असते, पण ९४ आणि ९८ यांत फरक शोधणं म्हणजे वजनकाट्यावर चपला घालून पाव किलोवरून भांडणं. अहवालातलं खालचं पान बघा: कुठे बरं, कुठे कच्चं, पुढे काय करायचं. तो अहवाल इंग्रजीत असतो ही आमच्या धंद्याची चूक, तुमची नाही. मराठीत समजावून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

ओळखीच्या कुणाकडून चाचणीचे प्रश्न मिळवून मुलाची तयारी करून घेणारे पालक आता वाढलेत. त्यानं गुण फुगतात आणि ज्याला मदत हवी होती त्याला ती मिळत नाही. आकडा आवडला नाही म्हणून तीच चाचणी महिन्यानं दुसरीकडे करून घेणं हाही तसाच प्रकार. मुलाला प्रश्न आठवतात.

आणखी एक बारीक गोष्ट. व्हाइनलँडच्या श्रेणीत, म्हणजे रोजची कामं मूल स्वतः किती करतं ते मोजणाऱ्या चाचणीत, आम्ही मुलाला नाही, आईला विचारतो: स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, दुकानात जाऊन वस्तू आणतो का. आई प्रेमानं अजून भरवत असते, म्हणून “नाही” सांगते. मुलाला येतं, पण करू दिलं जात नाही. अशा वेळी मी विचारते, “तुम्ही चार दिवस माहेरी गेलात तर?” मग आजी सांगते, “गुपचूप खाई लेस.”

प्रमाणपत्राचं वेगळं. खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण), स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार येतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, सरकारी रुग्णालयाच्या तपासणीनंतरच मिळतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं होईपर्यंत मिळत नाही, पण त्याचा अर्थ तोवर मदत सुरू करायची नाही असा होत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दहावीच्या जानेवारीत जागं होणं. लेखनिक, जादा वेळ या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. तपासणीची तारीख, कागद, सह्या यांत महिने जातात. नववीतच सुरुवात करा.

मोठ्यांच्या चुका कमी नसतात, फक्त आवाज कमी असतो.

बायका सहसा “डोकं दुखस” आणि “रातले झोप येत नही” इथून सुरुवात करतात. बीपी तपासलं, गॅसच्या गोळ्या झाल्या, सलाईन लावून झालं. शरीराची तपासणी जरूर करा; थायरॉइड आणि बी-१२ बघून घेतलेलं बरंच. पण सगळं नॉर्मल आल्यावर “तुला काहीच झालेलं नाही” असं म्हणू नका. झालेलं असतं, ते रक्तात दिसत नाही इतकंच. पुरुषांचं दुःख बरेचदा चिडचिडीतून आणि दारूतून बाहेर येतं, म्हणून घरात कुणी त्याला आजार मानत नाही. भुसावळला रात्रपाळी करणाऱ्या एका भाऊंना ‘तापट’ म्हणून आणलं होतं; त्यांना कित्येक महिने सलग चार तास झोप मिळालेली नव्हती. नोकरीवर कळेल ही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. फोनवर चौकशी करणाऱ्या साहेबांना आम्ही काही सांगत नाही, आणि सासूबाईंनाही नाही.

भगताकडे जाऊन आलात तर ते लपवू नका. मी रागावत नाही. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. पण फिट्सच्या किंवा मनाच्या गोळ्या भगतानं बंद करायला लावल्या असतील तर मला आजच्या आज कळायला हवं. आणि भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

“जगायचं नाही आता” हे वाक्य ऐकून “नाटकं करतो” म्हणणं ही इथली सगळ्यात घातक चूक. सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या घरी द्या. ती वाईट घडी अनेकदा टळते, हाताशी बाटली नसली तर. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. काही प्यायलं असेल तर मात्र फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पोलीस केस होईल म्हणून उशीर करू नका. २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ असं मानतं की प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता, आणि त्याच्यावर त्यासाठी खटला चालवायचा नसतो.

राहिलं मधेच सोडण्याचं. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक दहाव्या दिवशी सोडतात. किंवा बरं वाटू लागलं की सोडतात. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका, कमी करायची पद्धत असते. बोलण्याच्या उपचारातही दोन भेटींत काही दिसत नाही. पण चार-पाच भेटींनंतरही काहीच हलत नसेल, किंवा समोरची व्यक्ती तुम्हाला उपदेशच पाजत असेल, तर स्पष्ट सांगा आणि माणूस बदला. आम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प गायब होऊ नका. जाताना अहवाल आणि नोंदींची प्रत मागा. ती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, नव्या ठिकाणी तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून नकोत.